अज्ञात कलाकार आणि मंडळी

सीडीसाठी कुणी हळवं होत नाही. ग्रामोफोनच्या काळ्या तबकडीला जुन्या वाड्याचा आणि पितळी कर्ण्याचा मान आहे. कॅसेटची सुटलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळल्याचं पन्नाशीतली माणसं इतक्या प्रेमाने सांगतात, की गाणं हे निमित्त होतं आणि खरी मजा गुंडाळण्यातच होती असं वाटावं. सीडीच्या वाट्याला मात्र कबुतरं आली. आमच्या सोसायटीत निम्म्या बाल्कन्यांत दोऱ्याने सीड्या टांगलेल्या आहेत. सुरुवातीला त्यांच्या लखलखाटाला कबुतरं दचकत. आता ती कठड्यावर बसून त्यांत स्वतःला न्याहाळतात.

१९८२ साली सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी ही चकती बाजारात आणली, तेव्हा निर्दोष आणि कायम टिकणारा आवाज अशी तिची जाहिरात होती. बारा सेंटिमीटरचा व्यास, ७४ मिनिटांचं संगीत, आणि सुईऐवजी प्रकाशाचा किरण, म्हणजे झीज नाही. आवाज खरोखरच टिकला. तो ऐकायची यंत्रं तेवढी टिकली नाहीत. आमच्या घरी सीड्यांनी भरलेलं एक अख्खं कपाट आहे आणि नव्या लॅपटॉपला चकती घालायची खाचच नाही. शेवटी यूएसबीच्या वायरीला लोंबणारा एक बाहेरचा ड्राइव्ह आणला आणि कपाटातली गाणी संगणकात उतरवायला घेतली.

‘मामा, हे सगळं अ‍ॅपवर आहे ना?’ भाच्याने विचारलं. त्याच्या पिढीला कशाचीही मालकी नको असते आणि सगळ्याचा पासवर्ड पाठ असतो. अ‍ॅपवर पुष्कळ आहे, हे खरं. पण कंपन्यांचे आपापसातले करार संपले की काल ऐकलेलं गाणं आज राखाडी होऊन बसतं. शिवाय एकाच गायकाचा एकच राग दहा मैफलींत दहा तऱ्हांनी गायलेला असतो. अ‍ॅप आपल्याला ‘तोडी’ देतं, आपल्याला ‘ती तोडी’ हवी असते. भाच्याने एवढं ऐकून घेतलं आणि ‘चालू दे तुझं’ या अर्थाची मान हलवली.

सुरुवातीचं काम हमालीचं आहे. चकती मऊ फडक्याने पुसायची, पण गोल गोल नाही. मधल्या भोकापासून काठाकडे सरळ. आतली माहिती आतून बाहेर जाणाऱ्या चक्राकार रेषेत असते. त्या रेषेच्या दिशेने ओरखडा पडला तर सलग मजकूर जातो, आडवा पडला तर थोडा थोडाच जातो, आणि तेवढी तूट भरून काढण्याचं गणित चकतीतच घालून ठेवलेलं असतं. आपण सगळे जपतो ती चकाकणारी बाजू. खरी नाजूक असते ती वरची, नाव छापलेली बाजू, कारण आरशासारखा थर तिथे पातळ लाखेखालीच असतो. ज्या बाजूवर मी वर्षानुवर्षं बॉलपेन दाबून ‘भूपाळ्या’ लिहीत आलो, ती ही.

मग प्रश्न येतो, गाणं कुठल्या रूपात ठेवायचं. सीडीवर दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं घेतलेली असतात, डाव्या कानाची वेगळी, उजव्याची वेगळी. एका मिनिटाच्या गाण्याला साधारण दहा एमबी जागा लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींनी एमपीथ्री घडवताना असं ठरवलं, की माणसाच्या कानाला जे जाणवणार नाही ते गाळून टाकायचं. गाळणी नीट बसली का हे पाहायला कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग यांनी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं साथीशिवाय गायलेलं गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. फ्लॅक हा दुसरा प्रकार २००१ साली आला. तो काहीच गाळत नाही, फक्त दाबून बसवतो, तरी जागा निम्म्याच्या आसपास लागते. बायकोला मी समजावलं की फ्लॅक म्हणजे नऊवारीची बारीक घडी घालणं आणि एमपीथ्री म्हणजे तिच्यातून तीन वार कापून उरलेली सहावारी ठेवणं. ती म्हणाली, ‘नेसणार कुठली आहेस ते आधी ठरव.’ मी फ्लॅक ठरवलं. तानपुऱ्याच्या जवारीतलं नेमकं काय जाणवत नाही, हा निर्णय मला दुसऱ्याच्या कानावर सोपवायचा नव्हता.

कपाटातल्या काही सीड्यांच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. स्टेशनबाहेर घेतलेल्या, ‘सदाबहार मराठी १०० गाणी’ छापलेल्या त्या चकत्या मुळातच एमपीथ्रीच्या. त्यांतून काय गाळायचं ते कुणीतरी आधीच गाळून ठेवलेलं असतं, कधी कधी शेवटचं कडवंसुद्धा.

इथवर सगळं यंत्राने केलं. माझी खरी परीक्षा पुढे होती, आणि ती गाण्यांच्या नावांची होती.

संगीताच्या साध्या सीडीवर गाण्यांची नावं नसतातच. कुठलं गाणं कुठे सुरू होतं आणि किती लांबीचं आहे, एवढंच तिला ठाऊक. मग संगणक या लांब्यांचा हिशेब करून इंटरनेटवरच्या एका मोठ्या वहीत बघतो, की याच मापाची चकती आधी कुणी नोंदवली आहे का. ती वही जगभरच्या हौशी लोकांनी भरलेली. प्रसिद्ध चकत्या लगेच ओळखीच्या निघतात. पण देवस्थानाच्या दुकानातून आणलेली काकड आरतीची सीडी घातली आणि संगणकाने आत्मविश्वासाने सांगितलं, की हा युरोपातल्या एका ब्रास बँडचा अल्बम आहे. लांब्या तशाच निघाल्या असतील. एकवार मनात आलं, राहू दे. तिकडे कुणीतरी आपल्या बँडची चकती घालून ‘काकड आरती’ वाचत असेल, तर फिटंफाट.

नावं सापडली तरी सुख नाही. पंडित भीमसेन जोशींच्या सीड्या उतरवून झाल्यावर यादीत पाहिलं तर पंडितजी पाच झालेले. एक नुसते भीमसेन जोशी, एक ‘पं.’ लावलेले, एक अख्खे ‘पंडित’, एकांच्या नावापुढे कंसात ‘पं.’, आणि २००८ नंतरच्या वेष्टनावरचे भारतरत्न. संगणकाच्या लेखी ही पाच माणसं, आणि त्यांचा एकमेकांशी परिचय असल्याचा पुरावा नाही. रोमन वर्णानुक्रमाने लावलं तर आणखी मौज. सगळे पंडित ‘पी’मध्ये दाटीवाटीने बसतात, उस्ताद ‘यू’मध्ये, आणि ‘एस’मध्ये श्रीमतींची वेगळी पंगत. घराण्यांना जे शंभर वर्षांत जमलं नाही, ते एका अक्षराने केलं.

आडनावाप्रमाणे लावावं म्हटलं, तर पाश्चात्त्य पद्धतीने शेवटचा शब्द पुढे येतो. संगणकाने लगेच गंधर्व नावाचं एक कुटुंब तयार केलं. बाल गंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व. नावांवरून यात थोरले-धाकटेही कळतात. वास्तविक नारायणराव राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, सौदागर गोरे आणि शिवपुत्र कोमकली या चौघांचं नातं असलं तर सुरांचंच. आडनाव त्यांना रसिकांनी दिलं, संगणकाने फक्त रेशनकार्ड काढलं.

नाव बरोबर झालं की ते मावलं पाहिजे. गाण्याच्या फाइलला नावाची चिठ्ठी चिकटवायची युक्ती १९९६ची, आणि पहिल्या चिठ्ठीत नावाच्या प्रत्येक रकान्याला तीसच अक्षरं. पाश्चात्त्य गाण्याला ती पुरत असतील. आपल्याकडे रोमनमध्ये ‘राग मियाँ की तोडी – विलंबित’ एवढं लिहिलं की तीस अक्षरं संपतात आणि एकताल बाहेर उभा राहतो. देवनागरीची त्या चिठ्ठीत सोयच नव्हती. पुढच्या आवृत्त्यांनी लांबी वाढवली, देवनागरीही घेतली, पण भाच्याच्या जुन्या गाडीतला प्लेअर अजून किशोरी आमोणकरांच्या नावाजागी चौकोन दाखवतो. भाचा म्हणतो, ‘आवाजावरून ओळख की!’ मुद्दा बिनतोड आहे.

त्या चिठ्ठीत एक रकाना प्रकाराचा. मूळ यादीत ८० प्रकार होते. त्यात पोल्का आहे, डेथ मेटल आहे, ख्रिस्ती रॅप आहे, आणि थट्टामस्करीसाठीसुद्धा स्वतंत्र जागा आहे. ख्याल नाही, नाट्यसंगीत नाही, अभंग नाही. ‘एथ्निक’ नावाचा एक कप्पा आहे, त्यात बाकीचं सगळं जग कोंबायचं अशी अपेक्षा दिसते. यादीतला शून्य क्रमांकाचा प्रकार ब्लूज. त्यामुळे ज्याने हा रकाना भरलाच नाही आणि नुसतं शून्य ठेवलं, त्याची गाणी आपोआप ब्लूज ठरली. माझ्याकडे अशी आलेली एक भूपाळी कित्येक दिवस मिसिसिपीच्या काठी वावरत होती. पुढे यादी वाढली आणि तीत ‘पॉवर बॅलड’ आलं. मला वाटलं, पोवाड्याची सोय झाली. नाव वाचून तरी त्यात शाहिरांचं मन रमलं असतं. पु. लं.च्या कथाकथनाला तर ‘कॉमेडी’, ‘ह्यूमर’ आणि ‘स्पीच’ असे तीन मतदारसंघ उपलब्ध आहेत. मी ‘म्हैस’ तिन्हीकडून उभी केली.

पण सगळ्यांत जास्त अडलो ते ‘कलाकार’ या रकान्यापाशी. रकाना एकवचनी आहे. मराठी गाणं कधीच एकवचनी नसतं. आमच्या घरात गाणं आकाशवाणीने शिकवलं, आणि तिथे निवेदिका गाण्याआधी तीन नावं सांगत असे: गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा. हे इतकं अंगवळणी पडलेलं की घरातली चिल्लीपिल्लीसुद्धा भांडताना गदिमा की खेबुडकर, खळे की फडके असं भांडत. संगणक विचारतो, एकच सांगा. गीतरामायण कुणाचं? १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून ५६ गाणी झाली, ती माडगूळकरांनी लिहिली, सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केली आणि त्या वेळी निरनिराळ्या गायकांनी गायली. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनीच, सगळी एकट्याने गाऊन ध्वनिमुद्रित केली, म्हणून माझ्या संचापुरता प्रश्न मिटला. कुणाचं, हा प्रश्न मात्र मिटला नाही.

या संचाने आणखी एक गंमत दाखवली. गाण्यांपुढचे क्रमांक गळले आणि संगणकाने ५६ गाणी वर्णानुक्रमे लावली. रामायण वर्णानुक्रमे ऐकणं हा अनुभव एकदा घ्यावा. कोण कुठे चाललंय आणि कशासाठी, याचा पत्ता लागत नाही. शेवटचं गाणं ‘ग’चं असल्याने ते ‘स’ने सुरू होणाऱ्या पहिल्या गाण्याच्या खूप आधी आलं. मी क्रम दुरुस्त करायला बसलो आणि थबकलो. शेवटच्या गाण्यात वाल्मीकी कुश-लवांना रामायण गायला सांगतात, आणि पहिल्या गाण्यात ते दोघे रामापुढे गात असतात. म्हणजे आधी काय घडलं हे पाहिलं, तर शेवटचं पहिल्याच्या आधीच यायला हवं! गदिमांनी सुरुवात आणि शेवट असे गुंफले आहेत हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते वर्णमालेने दाखवून दिलं. क्रम मी पूर्ववत केला, पण संगणकाकडे जरा आदराने पाहून.

संगीतकाराचा रकाना भरतानाही असंच थांबावं लागतं. ‘साधी माणसं’ या १९६५च्या चित्रपटाचं संगीत आनंदघन यांचं. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. संगणक विचारतो, या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या दिसतात, एकत्र करू? मी ‘नको’ म्हटलं. ज्यांनी स्वतः होऊन वेगळं नाव घेतलं, त्यांना एकत्र करणारा मी कोण? भीमसेनजींना पाचांतून एक करताना मात्र माझा हात कचरला नव्हता. ग्रंथपालाला नियम लागतात. माझ्याकडे मतं होती.

नाव सांगायची ही धडपड गाण्याच्या मुद्रणाइतकीच जुनी आहे, हे आठवून मला धीर आला. १९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आला आणि त्याने गायिका गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. तीन मिनिटांच्या आसपास गायन, आणि शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्याने सांगतात. कारण असं सांगतात की तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कारागिरांना हा आवाज कुणाचा हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. म्हणजे चिठ्ठी आवाजातच गुंफलेली. फाइल कुठेही कॉपी करा, नाव गळणार नाही. पुढच्या शंभर वर्षांत तंत्र पुष्कळ सुधारलं आणि नाव गाण्यापासून सुटं झालं. आधी वेष्टनावर गेलं, मग सीडीच्या पुस्तिकेत, मग इंटरनेटवरच्या वहीत. दर मुक्कामाला दोनचार माणसं उतरली. पुस्तिकेत तबला आणि हार्मोनियम कुणाची हे बारीक टाइपात असतं; तानपुऱ्यावर कोण, हे नशीब असेल तर. फाइलच्या मूळ चिठ्ठीत त्यांना जागाच नाही. मी ती नावं ‘शेरा’ या रकान्यात टाकू लागलो. तासभर मागे बसून सूर धरणाऱ्याला शेऱ्यात टाकायचं, हे बरं दिसत नाही; पण संगणकाच्या घरात ओटीवर तरी जागा मिळाली.

आईला या उद्योगातलं काही पटलं नाही. तिच्याकडे गाण्यांची स्वतःची विभागणी आहे, आणि तीत कलाकार, अल्बम, साल यांपैकी काहीच नाही. सकाळचं, स्वयंपाक करतानाचं, पाहुणे असतानाचं, आणि ‘हे नको आत्ता’. शास्त्रीय संगीताने रागांना प्रहर नेमून दिले, त्याच्या हे जास्त जवळचं आहे. मी तिला मोठ्या उत्साहाने विचारलं, ‘काय लावू? गायकाने शोधू, रागाने की संगीतकाराने?’ ती म्हणाली, ‘अरे, साडेसहा वाजलेत. साडेसहाचं लाव.’ मी निमूटपणे ‘साडेसहा’ अशी एक यादी केली. आज घरात सगळ्यांत जास्त वाजते ती हीच.

आता उरला तो सगळ्यांत मोठा कप्पा. माझ्या संग्रहात सर्वांत जास्त गाणी भीमसेनजींची नाहीत, आशाताईंची नाहीत, ‘अननोन आर्टिस्ट’ यांची आहेत. ज्या फाइलचं नाव लागत नाही, ती संगणक त्यांच्या पदरात घालतो. त्यांचा आवाका थक्क करणारा: गोंधळ, गवळण, सनई, आणि एका लग्नातलं माइकवरचं ‘हॅलो, हॅलो’. मी भाच्याला म्हटलं, ‘खरं तर आपल्याकडे मोठे रचनाकार हेच. जात्यावरच्या ओव्या कुणी केल्या, कोणाला माहीत?’

वाक्य जुळून आलं होतं, पण ते पुरतं खरं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकाने ध्वनिमुद्रण आणि संगणकावरची मांडणी यांत साथ दिली. आज इंटरनेटवरच्या ‘पारी’ या संग्रहात ओवी उघडली की गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव समोर येतं. जिथे ‘अज्ञात’ लिहून मोकळं होणं सगळ्यांत सोपं होतं, तिथे या लोकांनी नाव विचारून लिहून घेतलं. ते वाचल्यावर माझा तानपुऱ्याचा शेरा फारच लहान वाटला, आणि ‘अननोन आर्टिस्ट’चा कप्पा जरा आळशी.

म्हणून सुरुवात घरापासून केली. त्या कप्प्यात आईच्या भजनी मंडळाची सीडी होती. कुणाच्या तरी मुलाने हौसेने ध्वनिमुद्रित केलेली, वर विठोबाचं चित्र, आत नाव एकही नाही. आईला संगणकापुढे बसवलं आणि म्हटलं, ‘सांग.’ ती आवाजागणिक नावं सांगत गेली. ही पेटीवाली, ही सुरुवात चुकवणारी पण मनाने चांगली, ही पुढे मुलाकडे अमेरिकेला गेली, ही आता नाही. मी सगळी लिहिली; फक्त स्वभाव वगळले. यादी संपल्यावर ती उठेना.

‘तू होतीस यात?’ मी विचारलं.

‘त्या दिवशी घसा बसला होता,’ ती म्हणाली. ‘पण टाळ आपले होते. पितळी. तुझ्या आजीचे.’

संगणकाच्या कुठल्याही रकान्यात हे बसत नव्हतं. शेरा उघडला आणि सगळ्या नावांच्या शेवटी लिहिलं: ‘टाळ – आईच्या सौजन्याने’. तिने चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाली, ‘आजीचं नाव राहिलं.’